बटाट्याच्या गाभ्यापर्यंत न पोहोचणारे कॅल्शियम

वरून निरोगी दिसणारा बटाटा चिरल्यावर त्याच्या गाभ्यात गंजाच्या रंगाचे, कोरडे डाग निघतात आणि त्यांत बुरशीचा किंवा किडीचा मागमूस नसतो, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेले असते. हा रोग नव्हे. ती कंदाच्या शरीरक्रियेतील बिघाडाची खूण आहे. उष्णता आणि पाण्याची अनियमित पाळी यांचाही त्यात वाटा असतो, पण गाभ्यातील कॅल्शियमची उणीव हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. कोल्हापुरात वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करताना प्रकल्पासाठी मी जो प्रश्न घेतला तो डागाचा नव्हता, तर डाग पडण्याच्या आधीच्या अवस्थेचा होता. डोळ्यांना पांढराशुभ्र दिसणारा गर जेव्हा कॅल्शियमवाचून ताणाखाली असतो, तेव्हा त्यातील अँटिऑक्सिडंट यंत्रणा, म्हणजे ऑक्सिडीकरणाचे नुकसान रोखणारी द्रव्ये, कशी वागते, हे मला मोजून पाहायचे होते.

कंदात कॅल्शियमची चणचण का पडते, हे समजल्याशिवाय प्रयोगाची मांडणी करता येत नाही. कॅल्शियम मुळांतून पाण्याबरोबर जलवाहिन्यांत शिरते आणि जिथे बाष्पोत्सर्जन जास्त तिथे, म्हणजे पानांत, जाऊन स्थिरावते. पानात एकदा बसलेले कॅल्शियम रसवाहिन्यांतून खाली जवळजवळ येतच नाही. कंद मात्र ओलसर मातीत गाडलेला असतो, त्याच्या सालीतून पाण्याची वाफ फारशी निघत नाही, आणि त्याला लागणारी साखर व इतर अन्न पानांकडून रसवाहिन्यांतूनच येते. त्यामुळे ज्या झाडाच्या पानांत कॅल्शियम भरपूर आहे, त्याच झाडाच्या कंदात ते अपुरे असू शकते. शंभर ग्रॅम बटाट्यात कॅल्शियम साधारण १० मिलिग्रॅमच असते, आणि तेही सगळीकडे सारखे नसते: सालीजवळ जास्त, गाभ्यात कमी, देठाकडच्या टोकाला जास्त, शेंड्याकडच्या टोकाला कमी. १९८० च्या दशकात अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात क्रॅट्झके आणि जीवन पालटा यांनी दाखवून दिले की कंदावर आणि त्याला झाडाशी जोडणाऱ्या स्टोलनवर जी बारीक मुळे असतात ती निकामी नसून त्यांच्याद्वारे कंदात पाणी जाते. पाणी जाते त्या वाटेने कॅल्शियमही जाते. याचा अर्थ असा, की कंदाचे कॅल्शियम मुख्यतः कंदाच्या लगतच्या मातीतून येते, झाडाच्या मोठ्या मुळांकडून नव्हे. आमच्या प्रयोगाचा सारा भार या एका गोष्टीवर होता.

कॅल्शियमची उणीव मुद्दाम निर्माण करणे हे ऐकायला सोपे वाटते, पण कोल्हापुरात राहून ते करणे कष्टाचे आहे. आमच्या नद्यांची वाळू दख्खनच्या काळ्या बेसाल्टची झीज होऊन तयार झालेली असते आणि बेसाल्टमधील प्लॅजिओक्लेज या खनिजातच कॅल्शियम असते. त्यात चुनखडीचे बारीक खडेही मिसळलेले असतात. अशा वाळूवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल ओतले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे उठतात आणि चुन्याची हजेरी लगेच कळते. आम्लाने चुनखडी जाते, पण खनिजाच्या कणांतून कॅल्शियम हळूहळू सुटतच राहते. माझ्या प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमनी तेव्हा सुचवले, "नदीची वाळू सोडून दे. शिरोलीला एवढ्या फौंड्री आहेत, साचे बनवायला ते सिलिका वाळू वापरतात. ती आण." कोल्हापूर हे ओतकामाचे शहर आहे याचा बटाट्याच्या प्रयोगाला असा उपयोग होईल, हे मला सुचले नसते. ती पांढरी, एकसारख्या दाण्याची वाळू आम्लात भिजवून, नंतर इतकी धुतली की धुवणात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकल्यावर पांढरट गढूळपणा येईनासा झाला. क्लोराइड संपले म्हणजे आम्लही निघून गेले, अशी ती खात्री.

पाणीही तसेच. नळाच्या पाण्यात कॅल्शियम असते, म्हणून लावणीपासून काढणीपर्यंत कुंड्यांना फक्त डिस्टिल्ड वॉटर द्यावे लागले, आणि उन्हाच्या दिवसांत ते पुरवणे हेच प्रयोगातील सर्वांत दमवणारे काम होते. पोषणासाठी होगलँडचे द्रावण, म्हणजे झाडाला लागणारे क्षार ठरावीक प्रमाणात विरघळवलेले पाणी, वापरले. त्याच्या पूर्ण ताकदीत कॅल्शियम नायट्रेट लिटरमागे ५ मिलिमोल असते. एका गटाला ते पूर्ण दिले, तर दुसऱ्याला त्याचा विसावा भाग. कॅल्शियम नायट्रेट कमी केले की नायट्रोजनही कमी होतो, आणि मग दिसणारा परिणाम कशाचा हे सांगता येत नाही. म्हणून नायट्रेटची भरपाई सोडियम नायट्रेटने केली. त्यातून सोडियमचा फरक उरतो, यासाठी पूर्ण कॅल्शियमबरोबर तेवढेच सोडियम मिळणारा तिसरा गट ठेवला. कॅल्शियमऐवजी जास्त पोटॅशियम देऊन भरपाई करणे सोयीचे होते, पण पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि अमोनियम हे तिघेही मुळाशी कॅल्शियमशी स्पर्धा करतात, त्यामुळे तो मार्ग टाळला.

बियाणे म्हणून कुफरी ज्योती ही जात घेतली. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेची ही १९६८ ची जात आपल्याकडे सर्वपरिचित आहे. बियाण्याच्या कंदात स्वतःचा कॅल्शियमचा साठा असतो आणि तो कोंबाला काही काळ पुरतो, त्यामुळे कोंबाला मुळे फुटल्यावर तो मूळ कंदापासून अलग करून लावला. याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट पाहायला मिळाली. काही बटाटे आम्ही अंधारात, कॅल्शियम नसलेल्या पाण्याच्या संपर्कात कोंब फुटायला ठेवले होते. कोंब लांब वाढले आणि नंतर टोकाच्या किंचित खाली, नव्या पेशी लांब होतात नेमक्या त्या जागी, काळपट पट्टा पडून शेंडा वाळला. ज्यांच्या पाण्यात थोडे कॅल्शियम होते त्यांचे कोंब शाबूत राहिले. १९७० च्या दशकात इंग्लंडमधील डायसन आणि डिग्बी यांनी ही विकृती कॅल्शियमच्या उणिवेशी जोडली होती. अंधारातल्या कोंबातून बाष्पोत्सर्जन नाही, म्हणून पाण्याचा ओघ नाही, म्हणून शेंड्यापर्यंत कॅल्शियम नाही. गाभ्यात घडणारी गोष्ट इथे उघड्यावर आणि थोड्या दिवसांत दिसते. शाळा-महाविद्यालयांत कमी खर्चात दाखवण्याजोगा हा प्रयोग आहे.

मुख्य प्रयोगासाठी दोन कप्प्यांच्या कुंड्या बनवल्या. खालच्या कप्प्यात झाडाची मोठी मुळे, वरच्या कप्प्यात स्टोलन आणि कंद, आणि दोन्ही कप्प्यांना वेगवेगळे द्रावण देण्याची सोय. काही झाडांना खाली भरपूर आणि वर अपुरे कॅल्शियम दिले, काहींना उलट. दिवाळीनंतर लावण केली, कारण कंद धरण्यासाठी रात्री थंड लागतात आणि कोल्हापुरात ती थंडी पौष-माघातच मिळते. वरचा कप्पा तापू नये म्हणून कुंड्यांवर शेडनेट होते. दोन्ही कप्प्यांत कॅल्शियम अपुरे असलेल्या झाडांची कोवळी पाने कडेने फिकट होऊन आत वळली आणि शेंडा खुरटला, जुनी पाने मात्र हिरवीगार राहिली. ज्यांना खालून भरपूर आणि वरून अपुरे मिळत होते, ती झाडे पाहून कोणी म्हटले नसते की त्यांना कशाची कमतरता आहे. त्यांच्याकडेच माझे सर्वांत जास्त लक्ष होते.

काढणीनंतरचे काम घाईचे असते. बटाटा कापला की हवेतील ऑक्सिजन, पेशींतील क्लोरोजेनिक आम्लासारखी फिनॉलिक द्रव्ये आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) यांची गाठ पडते व फोड काळवंडते. फिनॉलची ही ऑक्सिडीकृत रूपे अर्कातील इतर विकरांना चिकटून त्यांना निकामी करतात, म्हणून मोजणी खरी यावी यासाठी खलबत्ता बर्फात, बफर (आम्लता स्थिर ठेवणारे द्रावण) थंड, आणि बफरमध्ये फिनॉल पकडून ठेवणारे पीव्हीपी घालावे लागते. या काळवंडण्याचा जीवनसत्त्व क च्या इतिहासाशी संबंध आहे, हे मला त्या वेळी वाचनात आले आणि फार आवडले. हंगेरीचे सेंट-ग्यॉर्गी कापल्यावर काळवंडणाऱ्या बटाट्यासारख्या वनस्पतींचा आणि न काळवंडणाऱ्या लिंबासारख्या वनस्पतींचा अभ्यास करत होते, त्या वाटेने पुढे १९२८ मध्ये त्यांनी जे द्रव्य वेगळे केले ते ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजेच जीवनसत्त्व क, ठरले, आणि १९३७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या टेबलावरील काळवंडणारी फोड आणि ॲस्कॉर्बिक आम्ल मोजण्याचे ब्यूरेटमधील टायट्रेशन ही एकाच प्रश्नाची दोन टोके होती.

प्रत्येक कंदातून देठाकडचा गर, शेंड्याकडचा गर आणि मधला गाभा असे वेगवेगळे नमुने घेतले. जिथे डाग होता तिथे डागाचा भाग आणि त्याला लागून असलेला पांढरा भाग वेगळा ठेवला. कॅल्शियम मोजण्यासाठी वाळवलेला गर मफल भट्टीत जाळून राख केली, ती आम्लात विरघळवली आणि ॲटॉमिक ॲबसॉर्प्शन यंत्रावर ४२२.७ नॅनोमीटर तरंगलांबीला वाचन घेतले; फॉस्फेटचा अडथळा येऊ नये म्हणून त्यात लँथनम घालावे लागते. पेशींच्या पटलाची गळती पाहण्यासाठी कॉर्क बोररने गराच्या चकत्या काढून त्या शुद्ध पाण्यात ठेवल्या, पाण्याची विद्युतवाहकता मोजली, आणि नंतर चकत्या उकळून एकूण किती क्षार बाहेर पडू शकतात ते मोजले. कॅल्शियम पेशीभित्तिकांमधील पेक्टिनच्या साखळ्यांना एकत्र बांधते आणि पटलातील फॉस्फोलिपिडांना स्थिर ठेवते. ते कमी पडले की पटल झिरपू लागते, आणि ही साधी वाहकता त्याची पहिली बातमी देते. पटलातील मेदाचे ऑक्सिडीकरण किती झाले हे मॅलॉनडायअल्डिहाइडवरून कळते. त्यासाठी थायोबार्बिट्युरिक आम्लाबरोबर उकळून ५३२ नॅनोमीटरला वाचन घेतात आणि ६०० चे वजा करतात.

ॲस्कॉर्बिक आम्लासाठी नमुना वेगळ्या आम्लात वाटला आणि त्याच दिवशी टायट्रेशन केले, कारण साठवणीत ते घटत जाते. ब्यूरेटमधून थेंब थेंब सोडलेला डायक्लोरोफिनॉल इंडोफिनॉल हा निळा रंग आम्लात गुलाबी होतो आणि ॲस्कॉर्बिक आम्ल शिल्लक असेपर्यंत विरून जातो. फिका गुलाबी रंग टिकला की थांबायचे. पण या रीतीने फक्त क्षपित, म्हणजे अजून ऑक्सिडीकरण न झालेले, रूप मोजले जाते. ऑक्सिडीकृत रूप पाहायचे तर आधी त्याचे क्षपण करून एकूण मोजावे लागते आणि त्यातून पहिले वजा करावे लागते. मी दोन्ही मोजली, आणि या प्रकल्पातील सर्वांत उपयोगी आकडा मला यांच्या गुणोत्तरातच मिळाला असे वाटते.

विकरांपैकी सुपरऑक्साइड डिसम्यूटेज, कॅटलेज, ॲस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज आणि ग्वायाकॉल पेरॉक्सिडेज ही चार घेतली. पहिले १९६९ मध्ये मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी शोधले. ते सुपरऑक्साइडचे, म्हणजे ऑक्सिजनच्या एका घातक रूपाचे, हायड्रोजन पेरॉक्साइड करते आणि ते पेरॉक्साइड पुढे इतरांनी निकाली काढायचे असते. कॅटलेज पेरॉक्साइड फोडते, म्हणून २४० नॅनोमीटरला पेरॉक्साइड किती वेगाने घटते ते पाहतात. ॲस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज तेच काम ॲस्कॉर्बिक आम्ल खर्चून करते, त्याचे वाचन २९० ला. आणि अर्काच्या बफरमध्ये थोडे ॲस्कॉर्बेट नसेल तर हे विकर लवकर मंदावते, म्हणून त्याचा अर्क वेगळा काढावा लागतो.

आता आकड्यांच्या वाचनाबद्दल, कारण इथे सर्वांत जास्त विचार करावा लागला. विकराची क्रियाशीलता ताज्या वजनाच्या प्रत्येक ग्रॅममागे सांगायची की प्रथिनाच्या प्रत्येक मिलिग्रॅममागे? कॅल्शियम अपुरे असलेल्या कंदाच्या गाभ्यात पाणी आणि पिष्ट यांचे प्रमाण निराळे होते आणि विरघळणारे प्रथिनही निराळे. त्यामुळे काही नमुन्यांत एकच विकर ताज्या वजनावर घटलेले आणि प्रथिनावर वाढलेले दिसत होते. मॅडमनी आग्रह धरला की दोन्ही आधार तक्त्यात शेजारी शेजारी द्यायचे, आणि निष्कर्ष काढायचा तो फक्त जिथे दोन्ही एकाच दिशेला जातात तिथेच. "वाढले" किंवा "घटले" असे एका शब्दात लिहिणाऱ्या अहवालांकडे मी त्यानंतर फार सावधपणे पाहते.

दोन्ही आधारांवर जे टिकले ते असे. वरच्या कप्प्यात कॅल्शियम अपुरे असलेल्या झाडांच्या कंदांत, पाने निरोगी असूनही, गाभ्यातील कॅल्शियम कमी होते आणि चकत्यांमधून क्षारांची गळती जास्त होती. डाग नसलेल्या पांढऱ्या गाभ्यातही मॅलॉनडायअल्डिहाइड वाढलेले होते, कॅटलेज मंदावलेले होते, आणि ॲस्कॉर्बिक आम्लाचा ऑक्सिडीकृत वाटा मोठा होता. एकूण ॲस्कॉर्बिक आम्ल मात्र डाग नसलेल्या कंदांत फारसे वेगळे नव्हते. ते ठळकपणे घटले ते डागाला लागून असलेल्या भागात. ग्वायाकॉल पेरॉक्सिडेज नेमके त्या कडेच्या भागात चढलेले होते. सोडियमच्या गटात यातले काही दिसले नाही. आणि ज्या झाडांना वरच्या कप्प्यात भरपूर व खाली अपुरे कॅल्शियम होते, त्यांची पाने आजारी असूनही कंदांचा गाभा पूर्ण कॅल्शियमच्या गटाजवळ राहिला.

कॅटलेजच्या मंदावण्याने मी बराच काळ विचारात होते, कारण पेरॉक्साइड वाढत असताना ते फोडणारे विकर वाढायला हवे असे कोणालाही वाटेल. यांग आणि पूवय्या यांनी २००२ मध्ये दाखवले होते की वनस्पतींतील कॅटलेजला कॅल्शियम आणि कॅल्मॉड्युलिन हे प्रथिन मिळून चेतवतात. त्यांचे काम अराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीवर होते, बटाट्यावर नव्हे, म्हणून माझ्या आकड्यांचे कारण तेच असे मी लिहिले नाही; पण कॅल्शियमची उणीव एकीकडे पटल झिरपवते आणि दुसरीकडे बचावाच्या विकरालाच चालना कमी देते, ही शक्यता चर्चेच्या प्रकरणात मांडली. ग्वायाकॉल पेरॉक्सिडेज वाढले म्हणजे कंदाची प्रतिकारशक्ती वाढली, असा अर्थ मी मुद्दाम घेतला नाही. ते विकर जखमेच्या कडेला पेशीभित्तिका कडक करण्याच्या कामातही असते, आणि डागाच्या कडेला ते चढले असेल तर ते नुकसान झाल्यानंतरचे बंदिस्तीकरण असण्याचीच शक्यता जास्त. अँटिऑक्सिडंट जास्त म्हणजे चांगले, असा जो सरसकट समज आहारावरच्या लेखांमुळे पसरला आहे, तो इथे कामाचा नाही. ताणाखालच्या कंदात काही अँटिऑक्सिडंट ताणामुळेच वाढतात. ते आरोग्याचे लक्षण की संकटाचे, हे कोणता भाग, कोणत्या वेळी, कोणत्या आधारावर मोजला यावरून ठरते.

आमची शेती चंदगडच्या बाजूला, जांभ्याच्या तांबड्या जमिनीत. तिथे मुसळधार पावसाने चुना मातीतून धुपून गेलेला असतो आणि माती आम्लधर्मी असते. हातकणंगले-शिरोळच्या काळ्या चुनखडीच्या रानासारखी तिथली स्थिती नाही. निकाल हाती आल्यावर बाबांना सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "कॅल्शियमचा स्प्रे मारतोय की आम्ही. पानाला मिळालं म्हणजे झाडाला मिळालंच न्हवं?" मी म्हणाले, "बाबा, पानाला मिळालेलं पानातच राहतं. तुम्ही दिलेलं बटाट्यापर्यंत खाली येत नाही." त्यांना पटायला दोन कप्प्यांच्या कुंडीतले कंद कापून दाखवावे लागले. वरच्या कप्प्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "म्हणजे वरंब्यातच टाकायचं."

तेच. जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, भर लावताना वरंब्याच्या आत, जिथे कंद धरतात तिथे मिसळले तर कंदाच्या मुळांना कॅल्शियम हाताशी मिळते. चुन्याची भुकटी टाकली तर मातीचा सामू (पीएच) चढतो आणि बटाट्यावर खपलीचा रोग वाढण्याचा धोका असतो. जिप्समने सामू फारसा हलत नाही, म्हणून बटाट्यासाठी ते सोयीचे. पालाश, म्हणजे पोटॅशियमचे खत, भरमसाट देण्याची सवयही तपासायला हवी, कारण ते मुळाशी कॅल्शियमची जागा घेते. आणि कंद भरण्याच्या काळात पाण्याची पाळी चुकली, तर वरंब्यात कॅल्शियम असूनही ते आत जायला पाणी नसते.

येत्या हंगामात बाबांच्या रानात काही सऱ्यांना वरंब्यातून जिप्सम, काहींना नेहमीप्रमाणे पानांवर फवारणी आणि काहींना काहीच नाही, असे करायचे ठरले आहे. लावणीपूर्वी माती तपासून विनिमयक्षम (मुळांना घेता येण्याजोगे) कॅल्शियम, पोटॅशियम आणि सामू यांची नोंद घ्यायची. काढणीनंतर गाभ्याचे नमुने बर्फात घालून त्याच दिवशी कोल्हापूरला आणायचे, कारण ॲस्कॉर्बिक आम्लाची दोन्ही रूपे ताज्या गरातच मोजावी लागतात, आणि शेतात पिकलेल्या बटाट्यातही ते गुणोत्तर डाग दिसण्याआधी बदलते का, हे मला आता तिथे पाहायचे आहे.